वागेनारची तिकिटं काढायच्या आधी



पोस्ट लांब झाली आहे. शनिवारी पोरांच्या मॅचला मैदानाच्या कडेला कुडकुडत उभं राहून वाचलीत तरी चालेल, हाफटाइमपर्यंत संपेल.

येत्या ऑगस्टमध्ये हॉकीचा वर्ल्डकप आपल्या दारात येतोय. पुरुषांचा आणि महिलांचा, दोन्ही एकत्र. काही मॅचेस बेल्जियममध्ये वाव्रला आणि काही इथे अॅम्स्टलव्हीनला, वागेनार स्टेडियममध्ये. मित्रमंडळीत मला 'हॉकीवाले' म्हणतात, त्यामुळे जो भेटतो तो विचारतो, "काय हो, आपली टीम काढणार का?" आल्बर्ट हाइनमध्ये दुधाच्या फ्रिजसमोर विचारलंय, गणपतीच्या आरतीच्या रांगेत विचारलंय. एकदाच सविस्तर उत्तर देतो. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट लिहिणार आहे, जी गेली दोन वर्षं लिहायची टाळत होतो. ती वाचल्याशिवाय जाऊ नका.

आधी उत्तर. माझ्या मते भारताचा पुरुष संघ सेमीफायनलपर्यंत जाईल. जायलाच हवा. त्यापुढे मी पैज लावणार नाही.

का ते सांगतो. गेल्या जूनमध्ये प्रो लीगच्या मॅचेस वागेनारला झाल्या, तुमच्यातले बरेच जण तिथे होते. नेदरलँड्सविरुद्ध दोन मॅचेस, आपण २-१ आणि ३-२ अशा हरलो. त्या युरोप दौऱ्यात सलग सात मॅचेस हरलो आणि आठवी बेल्जियमविरुद्ध ४-३ अशी जिंकली. नुसता आकडा ऐकला तर वाटतं, टीम संपली. पण स्टँडमध्ये बसून बघणाऱ्याला दिसत होतं की बहुतेक मॅचेस एका गोलने गेल्या, आणि त्या शेवटच्या क्वार्टरमध्ये गेल्या. पंचेचाळीस मिनिटं आपण बरोबरीने खेळतो. मग पाय जड होतात, पास दोन फूट मागे पडतो, आणि डच पोरं नेमकी तेव्हाच वेग वाढवतात. हा दमाचा प्रश्न आहे तसा डोक्याचाही आहे. एका गोलची आघाडी घेतली की आपण सगळे मागे येऊन बसतो. माझ्या लहानपणापासून हे बघत आलोय.

दुसरी गोष्ट हरमनप्रीतची. पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताने एकूण १५ गोल केले, त्यातले १० एकट्या हरमनप्रीतचे. कौतुक वाटतं, आणि पोटात गोळाही येतो. पेनल्टी कॉर्नर मिळाला आणि तो मैदानावर असला तर ठीक. नसला तर? समोरच्या टीमलाही हे माहीत आहे. त्यांचा पहिला धावणारा डोळे झाकून हरमनप्रीतच्या अंगावर येतो. आणि गोलमध्ये आता श्रीजेश नाही. पॅरिसमध्ये ग्रेट ब्रिटनविरुद्ध दहा जणांनिशी खेळून शूटआउटला जिंकलो ती मॅच आठवा. तसा दिवस पुन्हा आला तर मागे तो माणूस नसेल.

आता जमेची बाजू. सप्टेंबरमध्ये राजगीरला कोरियाला ४-१ हरवून एशिया कप जिंकला आणि थेट वर्ल्डकपचं तिकीट मिळवलं. डिसेंबरमध्ये ज्युनियर वर्ल्डकपमध्ये कांस्य आलं, कोच कोण, तर श्रीजेशच. म्हणजे खालून पोरं येतायत. टोकियो आणि पॅरिस, सलग दोन ऑलिंपिक कांस्यं झाली. पण वर्ल्डकपमध्ये आपला हिशोब फार वाईट आहे, हे कुणी बोलत नाही. १९७१ ला कांस्य, १९७३ ला रौप्य, १९७५ ला सुवर्ण, आणि त्यानंतर काही नाही. पन्नास वर्षांत एकदाही पदकाच्या पायरीवर पाय नाही. २०२३ मध्ये तर घरच्या मैदानावर, ओडिशात, क्वार्टरफायनलसुद्धा गाठली नाही.

त्यातलं १९७३ चं रौप्य कुठलं माहितीये? इथलंच, अॅम्स्टलव्हीनचं. फायनलला समोर नेदरलँड्स. आपण सुरुवातीलाच २-० ने पुढे होतो. त्यांनी बरोबरी केली, जादा वेळ झाला, आपल्याला पेनल्टी स्ट्रोक मिळाला, तो हुकला, आणि शेवटी स्ट्रोक्सवर हरलो. पुण्यात आमच्या कॉलनीतले एक काका ही मॅच रेडिओवर ऐकल्याचं सांगायचे आणि दर वेळी तो स्ट्रोक नव्याने हुकल्यासारखे कपाळाला हात लावायचे. त्याच्याही आधी, १९२८ ला, अॅम्स्टरडॅम ऑलिंपिकच्या फायनलमध्ये आपण याच डच लोकांना ३-० हरवलं होतं. त्या पूर्ण स्पर्धेत भारताने २९ गोल केले आणि एकही खाल्ला नाही. ध्यानचंदांचं ते पहिलं ऑलिंपिक. ऑलिंपिक स्टेडियमच्या बाजूने सायकलवर जाताना मी अजूनही एकदा मान वळवून बघतो. बायको म्हणते, समोर बघ, ट्राम येतेय.

डच बाजूने बघायचं तर त्यांच्या बायकांवर पैज लावण्यात मजाच नाही. नऊ वर्ल्डकप जिंकलेत, पॅरिसचं सुवर्ण त्यांचं, युरोपही त्यांचाच. यिबी यान्सनचा ड्रॅगफ्लिक गोलच्या मागे उभं राहून बघा, बोर्डावर बॉल आदळल्याचा आवाज बंदुकीसारखा येतो. पुरुषांचं मात्र गंमतशीर आहे. पॅरिसचं सुवर्ण आहे, पण वर्ल्डकप शेवटचा जिंकला तो १९९८ मध्ये. २०१४ ला हेगमध्ये घरच्या प्रेक्षकांसमोर फायनलला ऑस्ट्रेलियाने ६-१ मारलं, २०१८ ला बेल्जियमने शूटआउटवर हरवलं. घरी खेळण्याचं ओझं त्यांच्या खांद्यावर असणार, आपल्या नाही. आशा ठेवायला एवढी जागा आहे.

आपल्या मुलींना मार्चमध्ये हैदराबादला पात्रता स्पर्धा खेळायची आहे. त्यांचा कोच पुन्हा शोर्ड मरीन, टोकियोत चौथ्या नंबरपर्यंत नेणारा तोच डच माणूस. साताऱ्याकडच्या वैष्णवी फाळके, ऋतुजा पिसाळ, अक्षता ढेकळे ही नावं लक्षात ठेवा. जिथे प्यायच्या पाण्याचे टँकर येतात त्या भागातून निघून या मुली पाणी मारलेल्या टर्फवर पोचल्या. आमच्या वेळी महाराष्ट्राची हॉकी म्हणजे खडकी, आणि खडकी म्हणजे धनराज. आता नकाशा बदललाय, ते बघून बरं वाटतं.

झालं उत्तर. आता दुसरी गोष्ट.

आपल्यातला एक मित्र, मुलगा अकरा वर्षांचा, हॉकीत बरा, परवा मला म्हणाला, "इथे याचा उपयोग काय? आपल्याकडे निदान खेळाचे मार्क असतात." त्याचं बरोबर आहे. इथे दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण नाहीत, नोकरीत खेळाडूंचा कोटा नाही, कॉलेजची टीम ही भानगडच फारशी नाही. खेळ सगळा क्लबमध्ये. युनिव्हर्सिटीला तुम्ही कुठल्या टीममधून खेळता याचं काही पडलेलं नसतं. आपल्या मराठी डोक्याला हे पचत नाही. एवढी फी, एवढं पेट्रोल, हिवाळ्यात इनडोअर हॉकीसाठी सकाळी साडेआठला कुठल्या तरी गावच्या हॉलमध्ये हजेरी, आणि हातात कागद काहीच नाही?

कागदाचं काय होतं ते आपण बघितलंय. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. हेतू चांगला. पण गेल्या काही वर्षांत त्यातून काय बाहेर आलं, तर ट्रॅम्पोलिन आणि टम्बलिंगची बोगस प्रमाणपत्रं. ज्यांनी आयुष्यात ट्रॅम्पोलिन बघितलं असेल तर ते जत्रेत, असे लोक त्यात पदकविजेते म्हणून नोकरीला लागले. ज्याला प्रेक्षक नाहीत असा खेळ निवडायचा, संघटनेचा शिक्का मिळवायचा, पडताळणी करणाऱ्याला सांभाळायचं. आणि खरा खेळाडू, जो आठ वर्षं पहाटे उठून धावला, तो यादीत एक नंबर खाली. हे फक्त आपल्याकडे होतं असं मानू नका. २०१९ मध्ये अमेरिकेत उघड झालं, श्रीमंत आईबाप कोचना पैसे चारून पोरांना खेळाडू म्हणून मोठ्या युनिव्हर्सिट्यांमध्ये घुसवत होते. रोइंग मशीनवर बसवून पोरीचा फोटो काढायचा, झाली वल्हवणारी. तिकडे फोटो, आपल्याकडे शिक्का.

या विषयावर मी एवढा तावातावाने बोलतो त्याला कारण आहे. १९९६ साली मी पुण्यातल्या एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो. कॉलेजचं नाव घेत नाही. मी लेफ्ट हाफ खेळायचो, फार थोर नव्हतो, पण टीममध्ये माझी जागा पक्की होती. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची सोळा जणांची यादी संध्याकाळी जिमखान्याच्या बोर्डावर लागली, त्यात माझं नाव होतं. सकाळी गेलो तर त्या जागी दुसरं नाव. त्या मुलाने हॉकी स्टिक पहिल्यांदा हातात घेतली ती मॅचच्या दिवशी, तीही उलटी. त्याला प्रमाणपत्र हवं होतं. आम्ही ती मॅच जिंकलो, म्हणजे ते जिंकले. मी बाहेर बाटल्या भरून देत होतो. सरांना विचारलं तर म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. घरी येऊन वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "सरांशी वाद घालायचा नाही. सर आहेत ते."

मी वाद घातला नाही. पुढच्या वर्षी ट्रायलला गेलो नाही. तो मुलगा स्वभावाने चांगला होता, अजूनही भेटतो, सरकारी खात्यात आहे. त्याच्यावर माझा राग नाही. राग त्या वाक्यावर आहे.

आता इथली गोष्ट. माझी लेक इथल्या एका क्लबमध्ये खेळते. क्लबचं नाव इथेही घेत नाही. दोन वर्षांपूर्वी ती चौदा वर्षांची असताना पहिल्या टीममध्ये निवड झाली. मी किती फुगलो असेन ते सांगायला नको, भारतातल्या सगळ्या ग्रुप्सवर फोटो गेले. ट्रेनर तरुण, चोवीस-पंचवीसचा, स्वतः वरच्या लीगमध्ये खेळलेला. मेहनती, वेळेचा पक्का, हुशार. तो धावण्याच्या चाचणीचे आकडे नावांसकट टीमच्या ॲपमध्ये टाकायचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमाने. मला ते आवडलं होतं. म्हटलं, बरंय, स्पर्धा कळू दे. माझी लेक यादीत खालच्या तिघींमध्ये असायची. एके दिवशी सगळ्यांसमोर त्याने तिला विचारलं, "तुमच्याकडे घरी रोज काय खातात?" बाकीच्या हसल्या. तीही हसली. गाडीत बसल्यावर तिने मला सांगितलं, आणि मी स्टिअरिंगवरून हात न काढता म्हणालो, "मनावर घेऊ नकोस. ट्रेनर आहे तो, तुझ्या भल्यासाठीच बोलतो."

सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांनी, दुसऱ्या देशात, तेच वाक्य. माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

दीड महिन्याने बायकोने हॉकीची बॅग धुवायला काढली. खालच्या कप्प्यात, शिनगार्डच्या खाली, तीन डबे निघाले. पोळी-भाजी, जशीच्या तशी, एकाला बुरशी आलेली. शाळेत खाल्लं, मैत्रिणीकडे खाल्लं, असं ती रोज सांगत होती. आम्ही दोघं शिकलेले, नोकऱ्या करणारे, रोज एकाच टेबलावर जेवणारे. आम्हाला दिसलं नाही.

बायको म्हणाली, क्लबला लिहू या. आणि मी, मंडळी, मी म्हणालो, "सीझन संपू दे. मे महिन्यात निवड आहे. उगाच टीममधून काढतील." हे मी माझ्याबद्दल लिहितोय कारण मला खात्री आहे, तुमच्यातल्या निम्म्यांनी हेच म्हटलं असतं. आपण पाहुणे, आपली भाषा तोकडी, आपलं डच ईमेलमध्ये तीनदा तपासून घ्यावं लागतं, आपल्या मुलीला मिळालेली जागा म्हणजे कुणी तरी केलेले उपकार. असं आपल्याला आतून वाटत असतं. बायकोने माझं ऐकलं नाही. तिने क्लबच्या वेबसाइटवर शोधून 'फेर्ट्राउवन्सकॉन्टाक्टपर्सोन' कोण आहे ते बघितलं आणि तिला लिहिलं. हा इतका लांब शब्द आम्ही त्याआधी कधी वाचलाही नव्हता. विश्वासाने ज्याच्याशी बोलता येईल असा क्लबमधला माणूस, ट्रेनरच्या आणि टीम मॅनेजरच्या साखळीबाहेरचा.

पुढे काय झालं ते थोडक्यात. भेटणं झालं, एकदा आमच्याशी, एकदा लेकीशी, एकदा ट्रेनरशी. त्याला काढलं नाही, आम्ही तसं मागितलंही नव्हतं. तो खरंच हादरला होता, त्याच्या दृष्टीने तो विनोद होता. ॲपमधल्या याद्या बंद झाल्या. मला सगळ्यात जास्त धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. आणखी दोन मुलींच्या घरी जवळपास हेच चाललं होतं, दोन्ही घरं पक्की डच. डच लोक तोंडावर बोलतात असं आपण सगळीकडे सांगत फिरतो ना? तेही गप्प होते. त्यांनाही मे महिन्यातली निवड दिसत होती.

पुढच्या सीझनला लेक दुसऱ्या टीममध्ये गेली. खेळामुळे की ईमेलमुळे, मला विचारू नका. मला विचाराल तर खेळामुळे, बायकोला विचाराल तर ती वेगळं सांगेल. लेक जेवते. उन्हाळ्यात तिने अंपायरिंगची परीक्षा दिली आणि आता शनिवारी लहान पोरांच्या मॅचेसना शिट्टी वाजवते आणि कडेने ओरडणाऱ्या बापांकडे अशी बघते की ते गप्प होतात. त्यातला एक मी.

हे एका छोट्या क्लबचं झालं. आता वर बघा. ज्या डच महिला संघावर मी डोळे झाकून पैज लावतो म्हटलं, त्याच संघात २०२१ मध्ये काय झालं? कोच अॅलिसन अॅनन. स्वतः ऑस्ट्रेलियाची महान खेळाडू. तिच्या हाताखाली २०१८ चा वर्ल्डकप आणि टोकियोचं सुवर्ण आलं. आणि टोकियोनंतर काही महिन्यांतच खेळाडूंच्या तक्रारींवरून चौकशी, संघातल्या वातावरणावर ताशेरे, आणि जानेवारी २०२२ मध्ये तिचं आणि महासंघाचं नातं संपलं. सुवर्णपदक गळ्यात असलेल्या, जगातल्या सगळ्यात भारी मुलींना बोलायला इतका वेळ लागला. मग चौदा वर्षांच्या पोरीने गाडीत एक वाक्य बोललं, हे केवढं मोठं होतं.

या प्रकरणात गंमत अशी की कुणाच्याच बाजूने सोपा निकाल लागत नाही. अॅनन गेली, आणि त्याच वर्षी डच मुली नव्या कोचबरोबर वर्ल्डकप जिंकल्या. म्हणजे धाकाशिवायही जिंकता येतं. पण अॅनन चीनला गेली, आणि दोन वर्षांत तिने चीनला पॅरिसच्या फायनलला आणलं. समोर कोण, तर तिच्याच जुन्या मुली. १-१, मग शूटआउट, आणि डच जिंकले. ती मॅच मी लेकीबरोबर बघितली. ती म्हणाली, "बाबा, ती कोच वाईट आहे की चांगली?" मी म्हणालो, "कोच म्हणून फार चांगली." ती म्हणाली, "मी ते नाही विचारलं."

हॉकीच नव्हे, इथल्या जिम्नॅस्टिक्समध्ये तर याहून भयंकर निघालं. २०२० मध्ये एका माजी कोचने वर्तमानपत्राला मुलाखत देऊन स्वतःच कबूल केलं की त्याने लहान मुलींना मारलं, अपमान केला, आणि मग एकेक जण बोलायला लागली. २०२१ मध्ये त्यावर जाडजूड अहवाल आला. त्याआधी २०१७ मध्ये डे फ्रीस समितीने सांगितलं होतं की खेळात वाढलेल्या साधारण १२ टक्के लोकांना लहानपणी तिथे लैंगिक त्रासाचा काही ना काही अनुभव आला आहे. मी तो आकडा वाचला आणि आमच्या टीममधल्या मुली मोजल्या.

आणि आपल्याकडे? २०१० मध्ये भारतीय महिला हॉकी संघातल्या एका खेळाडूने कोचविरुद्ध लेखी तक्रार केली, कोचला जावं लागलं. २०२३ मध्ये कुस्तीतल्या आपल्या ऑलिंपिक पदकविजेत्यांना जंतरमंतरवर रस्त्यावर बसावं लागलं. तिथे बोलण्याची किंमत काय असते ते आपण टीव्हीवर पाहिलं. इथे किंमत त्या मानाने नगण्य आहे. फार तर दुसरी टीम. तरी आपण गप्प बसतो, याचं मला नवल वाटतं. स्वतःसकट.

काही जण म्हणतील, एवढं जपून खेळाडू घडत नाहीत. धनराज काय ॲपवर तक्रारी करून घडला का? मीही हे म्हणायचो. पण धनराज तुटक्या स्टिकांनी खडकीच्या मातीत खेळून मोठा झाला, ते कष्ट होते. कष्टाला माझी ना नाही. शून्य अंशात सकाळी ट्रेनिंग, गारठलेली बोटं, गुडघ्यावर टर्फने सोललेली कातडी, सगळं चालेल. हरल्यावर ट्रेनर ओरडला तरी चालेल, खेळावरून ओरडू दे. मुलीच्या डब्यात काय आहे त्याच्याशी त्याचा संबंध नाही. ही रेघ नेमकी कुठे आहे ते चौदा वर्षांच्या मुलीला ठरवता येत नाही, ते आपण ठरवायचं. आणि त्यासाठी आधी आपण तिथे असायला हवं. आपल्यातले निम्मे आईबाप मुलांना गेटवर सोडतात आणि गाडीत लॅपटॉप उघडून बसतात. मी बसायचो.

बारडीन्स्ट आली की आपण कुरकुरतो, टोस्टी भाजायला मी इंजिनिअर झालो का वगैरे. पण माझा अनुभव असा की क्लबमध्ये खरंच काय चाललंय ते त्या काउंटरच्या मागेच कळतं. तीन तास बिअर आणि फ्रिकांडेल देत उभे राहा, कोण कुणाला कसं बोलतं ते सगळं ऐकू येईल, भाषा तोकडी असली तरी. तसंच, क्लबमध्ये शिकवणाऱ्यांकडून वर्तणुकीचा दाखला, म्हणजे तो 'फेओखे', घेतला जातो का, हे सरळ बोर्डाला विचारा. स्वयंसेवकांना तो फुकट मिळतो, त्यामुळे खर्चाचं कारण कुणी सांगू शकत नाही. आणि तो लांब शब्दवाला माणूस कोण, ते आज रात्रीच वेबसाइटवर बघा. काही घडायची वाट न बघता. क्लबमध्ये कुणाशी बोलायची हिंमत होत नसेल तर सेंट्रम फेइलिखे स्पोर्ट नेदरलांड आहे, तिथे क्लबच्या बाहेरच्या माणसाशी बोलता येतं. डच ईमेल लिहायला अडचण असेल तर मला मेसेज करा. म्हणजे माझ्या बायकोला. तिचं डच माझ्यापेक्षा चांगलं आहे, आणि हिंमतही.

आता तिकिटांचं. गटवारी लागली की आपण कुठल्या मॅचला एकत्र जायचं ते ठरवू. आइंडहोव्हन आणि हेगकडच्यांनी गाड्यांचं सांगून ठेवा. बॉस्बानकडच्या पार्किंगवर विसंबू नका, सायकली आणा. ढोल न्यायला परवानगी आहे का ते मी विचारतो, ताशाचं आत्ताच सांगत नाही. आमच्या घरची चार तिकिटं काढून झाली आहेत, डच मुली खेळतात त्या दिवसाची, कारण ती लेकीने काढली, माझ्या कार्डावरून. ती नारिंगी टीशर्ट घालणार आहे. मला म्हणाली, तू तुझा निळा घाल हवं तर, पण माझ्यापासून दोन खुर्च्या लांब बस.